मदारीत पाणी नसतं, मग उंट तगतो कसा?

परवा एक रील बघितलं, त्यात उंटाच्या मदारीत चक्क पाण्याची टाकी दाखवलेली आणि खाली लोकांचे वाहवा करणारे कमेंट्स. मदारीत पाणीबिणी काही नसतं हो, चरबी असते. मग थोडं वाचलेले लोक म्हणतात की चरबी जळून पाणी तयार होत असेल. होतं की, १ ग्रॅम चरबीतून १ ग्रॅमहून किंचित जास्तच पाणी निघतं, पण ती जाळायला ऑक्सिजन लागतो, त्यासाठी श्वास घ्यावा लागतो आणि वाळवंटाच्या कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी उडून जातं, म्हणजे कमावलं ते गमावलं.

खरी गंमत आहे अंगाच्या तापमानात. क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये सहारात मुक्काम ठोकून उंटांचं तापमान मोजलं. तहानलेला उंट पहाटे ३४ डिग्रीला आणि दुपारी ४० च्या वर! पोटभर पाणी मिळालेल्या उंटात मात्र हाच फरक जेमतेम २ डिग्री. म्हणजे पाण्याची चणचण असली की उंट घाम गाळायचं लांबवतो, दिवसभर स्वतःला तापू देतो आणि रात्री ती सगळी उष्णता गार हवेत फुकटात सोडून देतो.

आता हिशोब करू. उंट ५०० किलोचा, १ किलो अंग १ डिग्रीने तापायला साधारण ०.८ किलोकॅलरी लागतात, फरक ६ डिग्रीचा, म्हणजे झाल्या २४०० किलोकॅलरी. १ लिटर घाम वाळताना ५८० च्या आसपास किलोकॅलरी घेऊन जातो, म्हणजे दिवसाला ४ लिटरहून जास्त पाणी वाचलं. वर अंगच तापलेलं असल्यामुळे बाहेरची हवा आणि अंग यांच्यातला फरक कमी होतो, तेवढी बाहेरून शिरणारी उष्णताही कमी. आणि चरबी अंगभर न पसरता पाठीवर एका जागी आहे म्हणून रात्री उष्णता बाहेर पडायला अडत नाही, मदारीचा हा उपयोग कोणी सांगतच नाही.

एवढं करूनही पाणी कमी होतंच. वजनाच्या पाव हिस्सा पाणी गेलं तरी उंट चालत राहतो, माणसाच्या त्याच्या निम्म्यालाच जिवावर बेततं. मग पाणी दिसलं की १०-१५ मिनिटांत १०० लिटरच्या आसपास पिऊन मोकळा, कारण उंटाच्या रक्तातल्या लंबगोल लाल पेशी पाण्याने चांगल्या फुगल्या तरी फुटत नाहीत.



'उंटाने स्वतःला वाळवंटासाठी बदलवलं' हेही तसं चुकीचंच. कुठलाही उंट ठरवून बदलला नाही, ज्यांच्यात उपजतच थोडा उपयोगी फरक होता त्यांची पिल्लं जास्त जगली, एवढंच. त्यात उंटाचे पूर्वज मूळचे उत्तर अमेरिकेतले. कॅनडाच्या पार उत्तर टोकाला, एल्समीअर बेटावर, सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीच्या अवाढव्य उंटाच्या हाडाचे तुकडे सापडले, ते २०१३ मध्ये जाहीर झालं. तिथे तेव्हा जंगल होतं, हिवाळा लांबलचक आणि महिनोन्‌महिने अंधार. त्यामुळे चरबीचा साठा आणि पसरट पाय आधी बर्फातच कामी आले असतील आणि वाळूत नंतर, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्याच कुळातले जे दक्षिण अमेरिकेत उतरले त्यांचे आजचे वंशज म्हणजे लामा आणि व्हिकुन्या, डोंगरातली विरळ हवा पचवणारे, आणि त्यांना मदार नाही.