लष्करी हवामान तंत्रज्ञ

सैन्यदलांसाठी हवेची निरीक्षणे घेणारा, त्यांची नोंद ठेवणारा आणि ती वैमानिकांपर्यंत वा तोफखान्यापर्यंत पोचवणारा जवान. भारतीय हवाई दलात या ट्रेडला ‘मेट असिस्टंट’ (मेट म्हणजे मीटिऑरॉलॉजी, हवामानशास्त्र) म्हणतात आणि तळावरच्या त्याच्या कक्षाला नुसते ‘मेट’. अंदाज वर्तवणे हे हवामान शाखेच्या अधिकाऱ्याचे काम. तो अंदाज ज्या आकड्यांवर उभा असतो, ते आकडे मात्र तंत्रज्ञाच्या हातचे.

नागपूरशी या कामाचे नाते जवळचे आहे. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय आहे आणि सोनेगावला हवाई तळ. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाचे प्रादेशिक केंद्रही इथे आहे. विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड त्याच्या कक्षेत येतात. उन्हाळ्यात रोजचा पारा तोंडपाठ असणाऱ्या या शहरातही, सैन्याची स्वतःची हवामान यंत्रणा असते हे फार थोड्यांना ठाऊक असते.

तंत्रज्ञाचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालते. नागपुरात पहाटेचे साडेपाच होतात तेव्हा त्याच्या वहीत शून्य वाजलेले असतात. दर तासाला, विमानांची ये-जा असेल तर दर अर्ध्या तासाला, तो वाऱ्याची दिशा व वेग, दृश्यता, ढग, तापमान, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते तो) आणि हवेचा दाब टिपतो. ढग आकाशाच्या आठ भागांपैकी किती भाग झाकतात त्यावरून मोजतात, वारा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. सगळे एका सांकेतिक ओळीत बसते. ‘४५/०८’ म्हणजे तापमान ४५ अंश, दवबिंदू ८. ‘क्यू १००२’ म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला दाब १००२ हेक्टापास्कल. याच दाबावर वैमानिक आपला उंचीमापक लावतो. १००२ च्या जागी चुकून १०१२ गेले, तर विमान प्रत्यक्षात सुमारे ८० मीटर खाली असते आणि काटा ते वर असल्याचे दाखवतो. ढगातून उतरणाऱ्यासाठी ही चूक जिवावर बेतू शकते.

तापमापक ठेवतात ते झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, स्टीव्हन्सन पेटीत. आत चार तापमापक असतात: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. ओल्या तापमापकाच्या फुग्यावर मलमल गुंडाळलेली असते आणि तिची वात शुद्ध पाण्याच्या वाटीत सोडलेली. मे महिन्यात नागपुरात ही वाटी बघता बघता आटते. वात सुकली की ओला तापमापक कोरड्यासारखाच वागू लागतो आणि कागदावर हवा आहे त्यापेक्षा दमट ठरते. दार उघडले की आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश, कारण माणसाच्या अंगाच्या उष्णतेने पारा लगेच हलतो. डोळा पाऱ्याच्या रेषेत हवा. इतक्या साध्या गोष्टी, पण त्या दर वेळी तशाच करायच्या यातच या कामाचा खरा कस आहे.

आता बरीच निरीक्षणे स्वयंचलित यंत्रे घेतात. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश झळकले आणि देशभर बातमी झाली. संवेदक बिघडल्याचे नंतर स्पष्ट झाले. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. ही पातळी ज्याच्या डोक्यात पक्की आहे, तो ५६ वाचल्यावर पुढे पाठवण्याआधी थांबतो. म्हणूनच यंत्राजवळ जाणता माणूस हवा.

उष्णतेचा हिशेब उड्डाणाशी थेट जोडलेला आहे. हवा तापली की विरळ होते, पंखांची उचल आणि इंजिनाचा जोर दोन्ही घटतात, धाव लांबते. म्हणून तेच विमान जानेवारीच्या सकाळी जितका भार उचलते, तितका मेच्या दुपारी उचलू शकत नाही.

वरच्या थरांतला वारा फुगा सोडून मोजतात. निरभ्र आकाशात पांढरा फुगा, पूर्ण ढगाळ असेल तर काळा. रात्री खाली दिवा बांधतात. फुगा ठरलेल्या वेगाने चढतो, थिओडोलाइट या कोन मोजणाऱ्या दुर्बिणीतून दर मिनिटाला त्याचे कोन वाचायचे आणि वारा काढायचा. हायड्रोजन भरताना कृत्रिम धाग्याचे कपडे वर्ज्य, कारण एक ठिणगी पुरते. तोफखान्यालाही हाच वरचा वारा लागतो, गोळा त्यातूनच जातो.

अधिकारी हवामान शाखेत हवाई दलाच्या एएफकॅट या प्रवेश परीक्षेतून येतात आणि हैदराबादजवळच्या डुंडिगल अकादमीत घडतात. जवानांची भरती २०२२ पासून अग्निवीरवायू म्हणून चार वर्षांसाठी होते.

विदर्भातली सगळ्यात धावपळीची वेळ वळवाची. दुपारभर तापल्यावर क्षितिजावर ढगाचा कोबी फुटू लागतो, माथा ऐरणीसारखा पसरतो, आणि सोसाट्याचा वारा क्षणात दिशा बदलतो. तेव्हा ठरलेल्या वेळेची वाट न पाहता विशेष अहवाल जातो. वीज जवळ आली की इंधन भरणे थांबते, उघड्यावरची हलकी विमाने दोरांनी बांधली जातात. सर ओसरली की तंत्रज्ञ पर्जन्यमापकातले पाणी मापपात्रात ओततो आणि मिलिमीटरचा आकडा वहीत चढवतो.