पुस्तक मुलांच्या हातात द्यायच्या आधी हे वाचा

पुस्तकासोबत असा कागद आला की आपण तो बाजूला ठेवतो, पण पाच मिनिटं काढून हा वाचाच, कारण मुलांना भारतातल्या रोजच्या दिवसाच्या फोटोंचं हे पुस्तक कसं दाखवायचं यावर बरंच काही अवलंबून आहे.

आधी हे का केलं ते सांगतो. शाळेत तो भारतीय वेशभूषांचा तक्ता असतो ना, प्रत्येक राज्याचं एकेक जोडपं, पंजाबवाला भांगड्याच्या पोझमध्ये, महाराष्ट्राची बाई नऊवारी आणि नथीत. आता आपल्यातल्या कितीजणी रोज नऊवारी नेसून भाजी आणायला जातात? तो तक्ता आपल्याबद्दल जेवढा खरा तेवढाच बाकीच्यांबद्दल खरा, पण मुलं तोच बघत मोठी होतात आणि त्यांना वाटतं काश्मीरची माणसं दिवसभर शिकाऱ्यातच बसून असतात. गॅदरिंगच्या फॅन्सी ड्रेसपुरतं ठीक आहे, पण आपला देश म्हणजे कपडे आणि नाच एवढंच डोक्यात बसतं याचं आम्हाला मनापासून वाईट वाटायचं. म्हणून या 48 पानांत सणाचा एकही फोटो नाही, स्मारक नाही, ताजमहालसुद्धा नाही. रोजचा दिवस आहे फक्त, कामाचा, शाळेचा, जेवणाचा.

फोटो राज्यांप्रमाणे लावलेले नाहीत, घड्याळाप्रमाणे लावलेत. भारत पूर्व-पश्चिम एवढा पसरलाय की जूनमध्ये अरुणाचलच्या डोंग गावात पहाटे चारच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि द्वारकेला सहा वाजून गेल्यावर, पण घड्याळ दोघांचं एकच. आसामच्या चहाच्या मळ्यांत तर बागान टाइम म्हणून घड्याळ एक तास पुढे ठेवतात, म्हणजे उजेडाचा वापर करता येतो. पहिल्या चार पानांवर सगळीकडे एकच वेळ आहे, पण उजेड बघा किती वेगवेगळा आहे, मुलांना हे लगेच दिसतं, बहुतेक मोठ्यांना सांगावं लागतं.

आमचं सगळ्यात आवडतं पान म्हणजे कच्छच्या छोट्या रणातलं मिठाचं. पाऊस संपला की अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारे लोक, घरदार घेऊन रणात जातात आणि पुढच्या पावसापर्यंत, जवळपास आठ महिने, तिथेच राहतात. जमिनीखालचं पाणी समुद्रापेक्षाही खारट, ते पंपाने उपसून चौकोनी वाफ्यांत सोडायचं आणि लांब दांड्याच्या लाकडी दंताळ्याने ओढत राहायचं, म्हणजे मिठाचे खडे धरतात. फोटोत झोपडीबाहेर रबरी बुटांचा एक जोड आहे, घोट्यापर्यंत पांढरी रेघ उठलेली, मागे सोलर पॅनेलची रांग (आधी तिथे डिझेलचे पंप असायचे, त्यातच कमाई जायची) आणि खाटेवर एक मुलगी पाढे लिहितेय. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातमधून येतं, तेव्हा हे पान बघताना स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून मुलाच्या तळहातावर ठेवा. आणि उरण-पेणकडे तुमचं कोणी असेल तर आपल्या मिठागरांची गोष्टही सांगा, अगरिया आणि मिठागर या शब्दांतलं आगर तेच आहे, फक्त आपल्याकडे भरतीचं समुद्राचं पाणी आत घेतात.

बाकी पानांत लडाखच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेले जर्दाळू आहेत (तिकडे जर्दाळूला चुली म्हणतात, मुलं हसतात), गोव्यात सकाळी सायकलवर भोंपू वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला आहे, केरळातल्या कुट्टनाडमध्ये होडीतून शाळेला जाणारी पोरं आहेत, तिथली भातशेती समुद्रपातळीच्या खाली आहे. इंफाळच्या इमा कैथेल बाजारात दुकानं सगळी बायकांचीच. महाराष्ट्राचं म्हणाल तर एसटी स्टँड घेतलाय, पास घेऊन लाल डब्यात चढणाऱ्या मुली, दप्तर पुढे लटकवलेलं. यावर काहीजण नाराज झाले, रायगड का नाही म्हणून. रायगड आम्हालाही प्रिय आहे, पण तिथे रोज कोण जातं.

आता बघायचं कसं. "हे कोणतं राज्य?" असं विचारू नका, तो क्विझ होतो आणि मूल पान उलटून मोकळं होतं. विचारा, हिच्या हातात काय आहे, पाणी कुठून आणलं असेल, चप्पल कुठे काढलीय, मागे कोण उभं आहे. एका बैठकीत दोन पानं झाली तरी खूप झालं. राज्यांची नावं मुद्दाम शेवटच्या नकाशावर दिलीत, फोटोखाली नाहीत. चार वर्षांच्या पुढे कुठल्याही मुलाला चालेल, त्याहून लहान असेल तर मांडीवर घेऊन बघा, कारण पानं जाड पुठ्ठ्याची नाहीत, फाटू शकतात.

कागद 170 जीएसएम (चौरस मीटरला 170 ग्रॅम) मॅट आहे, ग्लॉसी घेतला असता तर रात्री ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि फोटो दिसत नाही. पहिल्या खेपेला बाइंडिंग नुसतं चिकटवलेलं होतं, पानं सुटली, लोकांचे फोन आले आणि ते बरोबरच होते. आता फॉर्म, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवून घेतो, पुस्तक सपाट उघडतं, मधली माणसं घडीत जात नाहीत. जुनी प्रत असेल तर कळवा, बदलून देतो, बिल नसलं तरी चालेल.

फोटोतल्या प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना विचारूनच फोटो घेतलाय, त्यांना प्रिंट पोचवलीय, पुस्तकात कोणाचंही नाव छापलेलं नाही.

शेवटचं पान कोरं आहे, ते चुकून राहिलेलं नाही. तिथे तुमच्या घरातला रोजच्या सकाळचा एक फोटो लावायचा, वाढदिवसाचा नको, डबा भरतानाचा, वेणी घालतानाचा, आजोबा पेपर वाचतानाचा. मोबाइलवरून चार बाय सहाची प्रिंट काढून घ्या, गोंद लावू नका, पान फुगतं. मागच्या कव्हरच्या आत छोट्या पाकिटात फोटो अडकवायचे चार कॉर्नर ठेवलेत, हरवले तर मेसेज करा, पोस्टाने पाठवतो.