पार्श्वभूमी : ४के टीव्हीच्या मेनूत राहून गेलेला जुना टीव्ही

महाराणी रोडच्या दुकानात झगझगीत दिसलेला ५५ इंची ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, टीव्ही घरी भिंतीवर चढला की पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी विचारतं, 'चेहरे असे मेणाचे का दिसतायत?' राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, आमच्या इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न मी गेल्या काही वर्षांत पुष्कळदा ऐकला. टीव्ही बिघडलेला नसतो. त्याच्या मेनूत जुन्या काळातले बरेच उपाय चालू अवस्थेतच येतात, आणि ज्या अडचणींवर ते काढले होते त्या आता पडद्यावर फारशा उरलेल्या नाहीत. चांगलं चित्र मिळवायचं म्हणजे मुख्यतः हे उपाय एकेक करून बंद करत जायचं. ते आले कुठून, ते इथं सांगतो.

१९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी भारतात रंगीत प्रसारण सुरू झालं. पद्धत 'पाल' नावाची, ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत : एका हप्त्यात एकाआड एक रेषा, दुसऱ्यात मधल्या. गच्चीवरचा अँटेना, शटरचा टीव्ही, रविवारी सकाळी भरलेला हॉल, हे सगळ्यांच्या आठवणीत आहे. त्यात शिरत नाही. इथं कामाची गोष्ट आहे ती पिक्चर ट्यूब.

ट्यूबला कडा नीट सांभाळता येत नसत. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की चित्र आक्रसायचं आणि चारी बाजूंनी काळी पट्टी दिसायची. ती दिसू नये म्हणून कारखान्यातूनच चित्र चौकटीपेक्षा थोडं मोठं करून पाठवत; कडेचा भाग लाकडी चौकटीमागे वाया जायचा. आजच्या सपाट पडद्यात प्रत्येक ठिपक्याची जागा ठरलेली आहे, व्होल्टेजने तो हलत नाही. तरीही कित्येक नवे टीव्ही सेट-टॉप बॉक्सकडून आलेलं चित्र कडेने कापतात आणि उरलेलं ताणून बसवतात. बातम्यांच्या चॅनेलवर खालची धावती पट्टी अर्धी कापलेली दिसली तर समजायचं, ट्यूबचा हिशेब अजून चालू आहे. मेनूत 'पिक्चर साइझ'खाली 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असं काही असतं, ते निवडलं की कापाकापी थांबते.

शार्पनेसची गोष्ट तशीच. नव्वदीत केबल आली. खांबाखांबावर अँप्लिफायर, पुढे एका तारेचे चार फाटे, आणि टोकाच्या घरी पोचेपर्यंत चित्रातला बारकावा झडून गेलेला. म्हणून टीव्हीने आकृतीच्या कडेला एक गडद आणि एक फिकट रेघ ओढून ठसठशीतपणाचा भास निर्माण करायचा. ४के चित्रात खरा बारकावा असतोच. त्यावर ही रेघ ओढली की अक्षरांभोवती पांढरी झालर येते. काही टीव्हींवर हा आकडा शून्यावर आणायचा, काहींवर मधे ठेवायचा. श्रेयनामावलीतली काळ्यावरची पांढरी अक्षरं बघत तो कमी करत जावा आणि झालर गेली की थांबावं.

आणि 'नॉइज रिडक्शन'? तो अँटेनाच्या मुंग्यांवरचा उपाय. पडद्यावर जे बारीक काही वळवळतंय ते पुसून टाकायचं, एवढंच त्याला कळतं. आता मुंग्या नाहीत. मग तो त्वचेची छिद्रं पुसतो, सुती साडीचा पोत पुसतो, चित्रपटाच्या रिळावरचे कण पुसतो. मेणाच्या चेहऱ्यांचा उगम बहुतेक वेळा इथं असतो. जुन्या केबलच्या चॅनेलसाठी तो थोडा चालू ठेवायला हरकत नाही, बाकी सगळीकडे बंद.

पांढऱ्या रंगाबद्दल लोक सगळ्यात जास्त भांडतात. चित्रपट आणि कार्यक्रम तयार होताना पांढरा रंग ढगाळ दुपारच्या उजेडासारखा, साधारण ६५०० केल्व्हिनचा धरतात (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा वाढला की पांढरं निळसर होतं). जपानमध्ये मात्र ट्यूबच्या काळात ९३०० केल्व्हिनचा, निळसर पांढरा रूढ झाला. पांढऱ्या कपड्यांना नीळ घालतात त्यातलाच हा प्रकार : निळी झाक असलेलं पांढरं डोळ्याला जास्त उजळ वाटतं. जगभर विकले गेलेले टीव्ही ती नीळ घेऊनच आले आणि आपली नजर त्यावर घडली. त्यामुळे ६५०० च्या जवळ नेणारं 'वॉर्म' निवडलं की घरातले म्हणतात, पिवळं पडलं. तीन-चार दिवस तसंच राहू द्यावं. नजर जुळली की जुनं चित्र पुन्हा लावून बघा, ते ट्यूबलाइटच्या उजेडात काढल्यासारखं दिसतं.

'व्हिव्हिड' हा मोड मात्र दुकानातून आला. शोरूममध्ये वर दिवे, शेजारी वीस टीव्ही, समोर घाईतलं गिऱ्हाईक. त्यात जो सर्वांत भडक तो विकला जातो. पुढे परदेशातले वीजबचतीचे नियम कडक झाले तेव्हा पहिल्यांदा चालू करताना 'घर की दुकान' असं विचारायची पद्धत पडली. बसवायला आलेला माणूस घाईत 'दुकान' दाबून गेला असेल तर मेनूत केलेले बदल टिकतच नाहीत, काही वेळाने सगळं पुन्हा भडक होतं. 'घर' निवडलं तर दुसऱ्या टोकाला, वीज वाचवण्यासाठी टीव्ही मंद होतो. आपल्याकडेही २०२१ मध्ये या टीव्हींना वीजबचतीच्या ताऱ्यांची पट्टी लागू लागली, सुरुवातीला ऐच्छिक. बचत चांगलीच, पण टीव्ही आपल्या मनाने उजेड कमीजास्त करत असेल तर बाकीची जुळवाजुळव व्यर्थ जाते. आधी तो पर्याय बंद करून चित्र लावावं, मग हवा तर चालू करावा.

४के हे नाव मुळात सिनेमागृहातलं. तिथं ते ४०९६ ठिपक्यांच्या रुंदीचं. २००५ मध्ये हॉलिवूडच्या स्टुडिओंनी डिजिटल प्रक्षेपणाचे नियम ठरवले त्यात ते आलं. घरच्या पडद्याला २०१२ मध्ये ३८४० गुणिले २१६० हे माप ठरलं, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. फुल एचडीच्या चौपट. हिशेबाची दुसरी बाजू दुकानात सांगत नाहीत. इंदूरची केबल ३१ मार्च २०१३ च्या टप्प्यात डिजिटल झाली, पण साधं, एचडी नसलेलं चॅनेल फार तर ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. ८३ लाखांना त्याने भागलं तर बरोबर २० येतात. आलेल्या एका ठिपक्यामागे १९ ठिपके टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरायचे. नव्या टीव्हीवर जुनी मालिका आधीपेक्षा वाईट का दिसते याचं उत्तर यात आहे, आणि मेनूत त्यावर औषध नाही. चॅनेल एचडी घ्यायचं. अंतराचाही हिशेब आहे. ४केचा सगळा बारकावा टिपायला पडद्याच्या उंचीच्या दीडपट अंतर धरतात, म्हणजे ५५ इंचीसाठी जेमतेम एक मीटर. आपला सोफा दहा फुटांवर असतो. तिथून नव्या टीव्हीत जो फरक जाणवतो तो ठिपक्यांच्या संख्येचा थोडा आणि उजेड-अंधाराचा जास्त.

ज्या एका निर्णयावरून खरा वाद झाला तो हालचालीचा. बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर स्थिरावला. ट्यूबवर पडद्याची जागा क्षणभर चमकून विझायची. दोन चमकांमधला अंधार डोळा स्वतः भरून काढायचा आणि चेंडू स्वच्छ दिसायचा. एलसीडी पडदा तसा विझत नाही. एक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो. आपली नजर चेंडूबरोबर सरकत असते, चित्र मात्र जागच्या जागी उभं, म्हणून चेंडू फरपटल्यासारखा दिसतो. एलसीडी घरोघर येऊ लागले तेव्हा ही तक्रार रास्त होती. त्यावर कंपन्यांनी उपाय काढला : दोन चित्रांच्या मधलं चित्र टीव्हीने स्वतः गणित करून बनवायचं, आणि सेकंदाला १०० किंवा १२० चित्रं दाखवायची.

क्रिकेटला त्याचा फायदा झाला. सिनेमाचं मात्र रूपच पालटलं. २४ चित्रांच्या किंचित अडखळत्या चालीशी आपल्या मनात 'सिनेमा' जोडलेला आहे, आणि सेकंदाला ५० हप्त्यांच्या गुळगुळीत चालीशी स्टुडिओतल्या मालिका आणि बातम्या. टीव्हीने मधली चित्रं भरली की कोट्यवधी खर्चून केलेला ऐतिहासिक प्रसंग दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. भरजरी पोशाख भाड्याचे वाटतात, तलवारी पत्र्याच्या. हे नुसतं आवडीनिवडीचं प्रकरण म्हणून सोडून देणं मला पटत नाही. चित्रपट करणाऱ्याने न काढलेली चित्रं टीव्ही त्यात घालतो, तीही घाईने अंदाज बांधून. हात वेगाने फिरला की बोटांभोवती हवा थरथरल्यासारखी दिसते, ती त्या चुकलेल्या अंदाजाची खूण.

कंपन्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. पडदे मोठे आणि उजळ झाले, ओएलईडीसारखे, ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, ते तर क्षणात बदलणारे. त्यांवर कॅमेरा आडवा फिरला की २४ चित्रांचा धक्का जास्तच टोचतो. त्यात आपल्याकडे आकड्यांची सरमिसळ. चॅनेल ५० वर चालतात, ॲपमधला चित्रपट २४ वर, मोबाइलचं चित्रण ३० किंवा ६० वर. सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर २४ बसवायचे तर एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा दाखवावं लागतं, आणि लंगडल्यासारखी चाल येते. १२० च्या पडद्यावर हा प्रश्न नाही, प्रत्येक चित्र पाचदा दाखवलं की झालं. तेव्हा हालचालीसाठी पैसे घालायचेच असतील तर १२० च्या पडद्यावर घालावेत.

डिसेंबर २०१८ मध्ये हॉलिवूडच्या एका बड्या नटाने आपल्या दिग्दर्शकाला शेजारी उभं करून चित्रीकरणाच्या जागेवरून एक छोटा व्हिडिओ प्रसिद्ध केला आणि लोकांना सांगितलं, घरच्या टीव्हीतलं हे मधली चित्रं भरणं बंद करा. अडचण अशी की बंद करायचं नेमकं काय, हेच सापडत नाही. एका कंपनीत त्याचं नाव 'मोशनफ्लो', दुसरीत 'ट्रूमोशन', तिसरीत 'ऑटो मोशन प्लस', आणि तेही तीन पायऱ्या आत. ऑगस्ट २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांच्या आघाडीने 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला, २०२० च्या टीव्हींपासून तो येऊ लागला. एक बटण दाबलं की मधली चित्रं बंद, शार्पनेसची झालर बंद, पुसापुशी बंद, कडा अखंड, पांढरा ६५०० चा. वर सांगितलेली सगळी जुनी अडगळ एका दमात बाहेर. पण तो आपोआप चालू होऊन येत नाही, टीव्ही बहुतेक 'स्टँडर्ड'वरच येतो, आणि हा निर्णय मला चुकीचा वाटतो. ज्यांना मेनू चाळायची सवय नाही, घरातले ते वडीलधारेच सर्वांत जास्त टीव्ही बघतात. तुमच्या टीव्हीत तो नसेल तर 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडून हालचालीचा पर्याय हाताने बंद करावा. सामन्याला हवा तर थोडा चालू ठेवावा.

राहिला एचडीआर, म्हणजे गडद अंधारापासून लखलखाटापर्यंतच्या छटा जास्त ताणून दाखवणारं चित्र. जुन्या प्रसारणाचं चित्र १०० निट (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून बनवत, कारण ट्यूबची ताकद तेवढी. २०१४ मध्ये १०,००० निटपर्यंत मोजणारी नवी मोजपट्टी प्रमाणित झाली; २०१६ मध्ये तिच्या जोडीला ब्रिटिश आणि जपानी सार्वजनिक प्रसारण संस्थांनी मिळून आखलेली दुसरी पद्धतही आंतरराष्ट्रीय शिफारशीत आली. घोळ झाला तो खोक्यावरच्या शब्दाचा. 'एचडीआर' लिहिलेला टीव्ही तो संकेत वाचू शकतो, एवढीच त्यात हमी. तो दाखवता येईल असा उजेड पडद्यात असेलच असं नाही. २०१६ च्या एका प्रमाणपत्रात एलसीडीसाठी किमान १,००० निटची अट होती. स्वस्त टीव्ही तीनशेच्या आसपास थांबतात. जुन्या पद्धतीत दिवसा उजेड वाढवला की सगळं चित्र उजळायचं. नव्या मोजपट्टीत प्रत्येक छटेला ठरलेला उजेड आहे, आणि तो अंधाऱ्या खोलीतल्या प्रेक्षकाला धरून ठरवलेला. म्हणून दुपारी गॅलरीचं दार उघडं ठेवून एचडीआर चित्रपट लावला की तो काळवंडलेला दिसतो. त्यावर 'डायनॅमिक टोन मॅपिंग', म्हणजे प्रसंगागणिक उजेड पडद्याच्या ताकदीला जुळवून घेणारा पर्याय, चालू करावा, किंवा पडदे ओढावेत.

याची खरी परीक्षा मला अनंत चतुर्दशीच्या रात्री दिसते. इंदूरच्या कापड मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे देखावे, निघतात तेव्हा रस्त्यावर मिट्ट काळोख आणि मधे हजारो दिव्यांनी लखलखणारा रथ. जुन्या चित्रणात दिवे पांढरे फटक व्हायचे किंवा गर्दी काळ्या डागात जायची. आता बरेच मोबाइल एचडीआरमध्ये चित्रण करतात, आणि चांगल्या पडद्यावर लाल दिवा लाल राहून चमकतो, खाली खांद्यावर बसलेल्या पोराचा चेहराही दिसतो. मात्र मोबाइल किंवा बॉक्स तारेने जोडला असेल तर टीव्हीच्या त्या एचडीएमआय खाचेसाठी 'एन्हान्स्ड' नावाचा वेगळा पर्याय असतो, तो बऱ्याच टीव्हींत बंदच येतो, चालू करून घ्यावा. २०१३ च्या आधीची उपकरणं नव्या टीव्हीशी बोलताना अडखळू नयेत म्हणून ठेवलेली ही सोय.

आणि एवढं सगळं लावूनही दुसऱ्या दिवशी चित्र पुन्हा मेणाचं दिसलं तर गोंधळून जाऊ नये. बहुतेक टीव्ही प्रत्येक खाचेची आणि प्रत्येक ॲपची जुळणी वेगळी लक्षात ठेवतात, साध्या चित्राची वेगळी आणि एचडीआरची वेगळी. एचडीआरचा मेनू तर एचडीआर चित्र पडद्यावर चालू असतानाच उघडतो. सेट-टॉप बॉक्स लावून एकदा, ॲपमधला चित्रपट लावून एकदा, आणि झांकीचं चित्रण चालू ठेवून एकदा, अशी तीनदा जुळणी करावी लागते.