'डू' घातला म्हणजे जोर आला?

'सात दिवसांत फाडफाड इंग्रजी' छापाच्या व्हिडिओंत एक मंत्र हमखास मिळतो: वाक्यात 'डू' घाला, बोलणं वजनदार होतं. मग 'आय डू वर्क इन अ बँक' कानावर येतं आणि ऐकणारा बुचकळ्यात पडतो, कारण तुम्ही बँकेत नाही असं कोणी म्हटलेलंच नसतं. हा 'डू' शोभेचा नाही. कोणी बोललेला किंवा मनात धरलेला नकार खोडणं हे त्याचं काम.

पण ते 'डू'नेच का करायचं? इंग्रजीत होकार-नकाराची सूत्रं सहायक क्रियापदाच्या हाती असतात. 'नॉट' त्याच्याच मागे लागतो, प्रश्नात तेच कर्त्याच्या पुढे जातं. 'शी हॅज पेड'मध्ये 'हॅज' आयता आहे, त्याच्यावर आघात दिला की झालं. 'शी वर्क्स हिअर'मध्ये मात्र असं कोणी नाही. 'वर्क्स'वर जोर दिला तर 'काम करते, राहत नाही' असा भलताच अर्थ निघतो. म्हणून 'डू' आणायचा आणि क्रियापदाचा शेवटचा 'स' त्याच्या अंगावर चढवायचा: 'शी डझ वर्क हिअर'. क्रियापद मूळ रूपात परततं. 'शी डिड वेंट' चुकतं ते इथेच. भूतकाळ दोनदा लागतो. आपला 'च' कुठल्याही शब्दाला चिकटतो, तशी मोकळीक इथे नाही. साधा वर्तमान, साधा भूत आणि आज्ञा, एवढंच 'डू'चं क्षेत्र. 'बी'बरोबर तो फक्त आज्ञेत चालतो: 'डू बी केअरफुल'.

उच्चारही बदलतो. एरवी 'आय'व्ह' असं आखडलेलं रूप आघात आला की पूर्ण 'आय हॅव' होतं. 'शी हॅज ऑलवेज पेड'मधलं 'ऑलवेज' सरकून 'शी ऑलवेज हॅज पेड' असं होतं. 'कॅन'बाबत विशेष जपावं. साध्या वाक्यात तो जेमतेम 'क्न' एवढाच उरतो, आणि अमेरिकी बोलण्यात 'कान्ट'चा उच्चार 'कॅन्ट' होऊन त्यातला 'ट' बऱ्याचदा गिळला जातो. त्यामुळे विनाकारण ठासून म्हटलेला 'आय कॅन कम' नेमका उलटा, 'येऊ शकत नाही' असा ऐकू जातो.

सोळाव्या शतकात होकारार्थी वाक्यांत बिनजोराचा 'डू' सर्रास असे. पुढे तो मागे पडला आणि जोरासाठी मोकळा झाला. जुन्या वापराचा अवशेष 1787 च्या अमेरिकी राज्यघटनेत दिसतो: राष्ट्राध्यक्षांची शपथ 'आय डू सॉलम्ली स्वेअर' अशी सुरू होते. तिथे कोणाचंही म्हणणं खोडायचं नसतं.