अपस्केलिंग प्लेअरमुळे डीव्हीडी एचडी होते का?

‘अपस्केलिंग प्लेअर घ्या, जुनी डीव्हीडी ब्लू-रेसारखी दिसेल’ हा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे (अपस्केलिंग म्हणजे कमी बिंदूंचे चित्र जास्त बिंदूंचे करणे; ब्लू-रे म्हणजे एचडी चित्रांची तबकडी). खोक्यावर ‘१०८०’ छापलेले असते, त्यामुळे तो खरा वाटणे साहजिक आहे.

पण आकडे पाहू. आपल्याकडच्या पाल (पीएएल) या टीव्ही-चित्राच्या पद्धतीच्या डीव्हीडीवर एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू असतात. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळपास २० लाख ७४ हजार, बरोबर पाचपट. जास्तीचे बिंदू शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. मूळ तबकडीत नसलेला तपशील त्यातून येत नाही.

शिवाय हेच काम तुमचा टीव्हीही करतो, म्हणून तर डीव्हीडी पूर्ण पडदाभर दिसते. तेव्हा खरा प्रश्न इतकाच, की दोघांपैकी ते नीट कोण करतो.

पडताळणी सोपी आहे. मडगाव किंवा म्हापशाच्या दुकानात जाताना घरचीच तबकडी न्या, शक्यतो लग्नाची किंवा चवथीच्या फुगडीची. एचडीएमआय केबल जोडून प्लेअरचे आउटपुट आधी ५७६ करा, म्हणजे चित्र टीव्ही मोठे करेल, मग १०८० करा, म्हणजे ते काम प्लेअर करेल. नावांची अक्षरे थांबवून पाहा, मग फुगडीचा वेग पाहा. हलत्या हातांच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात का? चांगला प्लेअर खरा इथेच ओळखू येतो. फरक दिसला नाही तर साधा प्लेअर घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरला लावा.