फुलदाणीच्या बुडावरची सही

चिनी फुलदाणी हाती आली की जाणकार माणूस तिच्यावरचा ड्रॅगन नंतर बघतो, आधी ती उलटी करतो. बुडावर बहुधा निळ्या रंगात सहा चिनी अक्षरं असतात. त्यात घराणं असतं, बादशहाची राजवट असते आणि त्या काळात ती घडवल्याचा निर्वाळा असतो. तिथे मिंग घराण्यातल्या श्वान्दे बादशहाचं नाव निघालं (कारकीर्द १४२६ ते १४३५), की विकणाऱ्याचा आवाज चढतो.

मला विचाराल तर सगळ्यात कमी भरवसा ठेवावा तो या सहीवरच. जुन्या राजवटीची सही करणं ही चिनी भांड्यांचं माहेर असलेल्या जिंगडेझन शहरातल्या कारागिरांची रीतच होती. त्यात दर वेळी लबाडी असे असंही नाही, जुन्या कामाला तो मुजराही असे. कांगशी बादशहाच्या काळातल्या (१६६२ ते १७२२) कितीतरी भांड्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वा बादशहाची सही सापडते, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मालावर खुद्द कांगशीची.

सहीपेक्षा बुडाची कड नीट बघावी. ही भांडी केओलिन नावाची पांढरी माती आणि एका खास दगडाची पूड यांच्या मिश्रणाची असतात. हे मिश्रण सुमारे १,३०० अंश सेल्सिअसला भाजतात, तेव्हा त्याचा काही भाग काचेसारखा होतो. भांडं भट्टीत खाली चिकटू नये म्हणून कडेवरची झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, पुसलेली असते, त्यामुळे फक्त तिथेच उघडी माती दिसते. मातीत लोहाचा अंश असेल तर थंड होताना हवा लागून झिलई संपते तिथे बारीक नारिंगी रेघ उमटते. नक्कल करणारे ती कुंचल्याने रंगवतात, पण मग ती सगळीकडे सारखीच जाड दिसते. झिजेचंही तसंच. खऱ्या वापराचे ओरखडे वाटेल त्या दिशेने जातात, पॉलिश पेपरचे एका ओळीत. मोठ्या फुलदाण्या भाग जोडून करत, म्हणून आत हात घालून सांधा चाचपावा.

मग रंग. मिंगच्या आधीच्या युआन घराण्याच्या आणि सुरुवातीच्या मिंग काळात निळ्या रंगासाठी परदेशी कोबाल्ट वापरत. त्यात लोह जास्त, मँगेनीज कमी. चिनी खाणींतल्या कोबाल्टमध्ये मँगेनीज भरपूर. क्ष-किरणांचं यंत्र भांड्याला धक्का न लावता हे प्रमाण मोजतं. यंत्र नसलं तरी भिंग चालतं. परदेशी कोबाल्ट जिथे दाट बसला तिथे काळपट ठिपके झिलईत खोल रुतलेले दिसतात. अठराव्या शतकातल्या कारागिरांना हे ठिपके इतके आवडले, की ते कुंचल्याने मुद्दाम काढू लागले. ते फार शिस्तीत बसलेले असतात!

सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांपासून होणारा गुलाबी रंग जिंगडेझनला १७२०च्या आसपास रुळला. मिंग घराणं तर त्याआधीच संपलं होतं, म्हणजे गुलाबी फुलं असलेली ‘मिंग’ फुलदाणी असूच शकत नाही. हिरव्या रंगात क्रोमियम सापडलं तर भांडं आणखी अलीकडचं, कारण या मूलद्रव्याचा शोधच मुळी १७९७ सालचा.

भांड्यावर लिहिलेल्या मजकुरावर विश्वास ठेवावा असं एक मोठं उदाहरण आहे, आणि त्याचा धागा मुंबईला येतो. चिनी भांड्यांचे संग्राहक पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली त्यांची निळ्या-पांढऱ्या फुलदाण्यांची जोडी १३५१ सालची आहे. हे कळतं मानेवरच्या मजकुरावरून. देवळाला दान देणारा कोण, तो कुठला, वर्ष आणि महिना कोणता, सगळं त्यात आहे, आपल्याकडच्या ताम्रपटात असतं तसं. इतका तपशील नुसत्या राजवटीच्या सहीत कुठून येणार? युआन काळात इतकं सफाईदार निळं काम होत असेल यावर तोवर अभ्यासकांचा फारसा विश्वास नव्हता. पुढे याच जोडीशी ताडून तारीख नसलेली भांडी ओळखली जाऊ लागली. डोळा तयार करायचा तर मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली चिनी भांडी निवांत बघावीत.

किमतीचं गणित मात्र निराळं. दिव्यासाठी बुडाला भोक पाडलं असेल तर भाव कोसळतो. राळेने केलेली डागडुजी अतिनील प्रकाशात बहुधा चमकून उघडी पडते. शाही भट्टीचा माल असेल आणि आधी कोणाकोणाकडे होता याचे कागद असतील, तर आकडा कुठल्या कुठे जातो. कधी कधी बोली लावणारे तज्ज्ञालाही जुमानत नाहीत. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या फॉन्तेनब्लो इथे एका निळ्या-पांढऱ्या फुलदाणीला तज्ज्ञाने विसाव्या शतकातली ठरवून दीड ते दोन हजार युरोंचा अंदाज दिला होता. बोली ७७ लाख युरोंवर थांबली, शुल्क धरून ९१ लाखांच्या वर गेली. तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला, आणि लिलावगृहाने त्याच्याशी संबंध तोडले.