एकाच नाण्यावर दोन राजे

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, थोडाथोडका नाही, १३,००० च्या वर नाणी, आणि ती सगळी मुळात एकाच राजाने पाडलेली, क्षहरात घराण्यातल्या नहपानाने. पण त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा आहे, सातवाहन घराण्यातल्या गौतमीपुत्र सातकर्णीचा! एका राजाने दुसऱ्याला हरवल्याचा याहून बोलका पुरावा मला तरी आपल्याकडच्या इतिहासात माहीत नाही.

क्षहरात म्हणजे पश्चिम भारतात आलेलं शक क्षत्रपांचं (क्षत्रप म्हणजे सुभेदारासारखे राज्यकर्ते) घराणं, इकडे त्यांची दोनच नावं ठळक, भूमक आणि नहपान. भूमकाची नाणी तांब्याची, नहपानाने मात्र चांदी पाडली. नाणं छोटंसं, वजन २ ग्रॅमच्या थोडं वर, एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, पण भाषा ग्रीक नाही बरं का, आपलंच प्राकृत ग्रीक अक्षरांत लिहिलंय. मागे बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठी या जुन्या लिप्यांत. म्हणजे नखाएवढ्या नाण्यावर ३ लिप्या!

गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं तेव्हा ही चांदी वितळवत बसला नाही, त्याच नाण्यांवर आपला ठसा हातोडीने ठोकला, एका बाजूला ३ कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे अधिकचं चिन्ह आणि त्याच्या चार टोकांना चार वर्तुळं. असा ठसा ठोकला की खालचं चित्र दबतं पण सगळं जात नाही, त्यामुळे डोंगराच्या कडेला नहपानाचं नाक नाहीतर एखादं ग्रीक अक्षर अजून डोकावतं. आणि अभ्यासकांना हेच हवं असतं, कारण वरचा ठसा खालच्यानंतरच बसणार, नाण्यावर साल नसलं तरी आधी कोण आणि नंतर कोण हे पक्कं होतं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, ३ नंबरच्या लेण्यात, गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात मुलाला ‘खखरातवंसनिरवसेसकरस’ म्हटलंय, म्हणजे क्षहरात वंश पार संपवणारा. लेख आणि नाणी दोन्ही एकच गोष्ट सांगतात.

आणि त्याच डोंगरात १० नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, महिना शेकडा १ व्याजाने, आणि त्यातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. गुणाकार करून बघा, वर्षाचं व्याज २४०, आणि २० गुणिले १२ पण २४०च! सासऱ्याच्या नाण्यांवर नंतर ठसे पडले, जावयाचा हा हिशोब मात्र भिंतीवर तसाच आहे.